नवऱ्याचं कर्ज, बायकोची सही: कुणाचं देणं कुणाच्या अंगावर येतं?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मला 'बँकवाले काका' म्हणतात. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात २७ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. वकील नाही, पण कर्जाचे कागद इतके पाहिलेत की कुठल्या पानावर काय दडलेलं असतं ते हाताला कळतं. महिन्या-दोन महिन्यांतून कुणी ना कुणी कापडी पिशवीत कागद कोंबून दारात उभं राहतं, आणि प्रश्न ठरलेला: "काका, कर्ज ह्यांनी घेतलंय. मला भरावं लागेल का हो?" हल्ली उलटंही होतं. हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण आला होता. बायकोने शेअरच्या ऑप्शन्समध्ये हात पोळून घेतले होते आणि ॲपवरून कर्जं काढली होती. त्याचाही प्रश्न तोच.

उत्तर आधी सांगतो. लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोचं होत नाही, बायकोचंही नवऱ्याचं होत नाही. आपल्याकडे नवरा-बायकोची मिळकत आणि देणी कायद्याने वेगवेगळी मानतात. (गोव्याची गोष्ट निराळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेत नवरा-बायकोची संपत्ती सामायिक धरतात. तुमच्यापैकी कुणी मूळ गोव्याचं असेल, तर तिकडच्या वकिलाला विचारा.) कर्ज अंगावर येतं ते सहीमुळे. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये शोधायची ती तुमची सही. ती कुठे आहे, कशासाठी केली, आणि नसेल तर कुणी करून घ्यायला आलंय का.

पायरी १: कागद एका जागी आणा

रविवारची सकाळ बघा, मोबाइल बाजूला ठेवा आणि घरातलं प्रत्येक देणं एका वहीत उतरवा. गृहकर्ज, गाडी, क्रेडिट कार्ड, पतसंस्था, सोनेतारण, बचत गट, ऑफिसातली सोसायटी, मित्राकडचे हातउसने, भिशी. प्रत्येकापुढे लिहा: कुणाच्या नावावर, किती बाकी, तारण काय, जामीनदार कोण, हप्ता कुणाच्या खात्यातून जातो, आणि कोरे चेक किती दिलेत.

शेवटचे दोन रकाने लोक टाळतात. ते टाळू नका, का ते पुढे येईलच.

मंजुरीपत्र आणि करारनामा घरात नसेल तर बँकेत लेखी अर्ज करून प्रत मागा. "आमच्याकडे एकच प्रत असते" असं काउंटरवरून सांगतील. ऐकून घ्या, आणि अर्ज आवकला देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी विचारणाऱ्याला "उद्या या" मिळतं, पोच असलेल्याला बहुधा कागद मिळतो.

आणि जोडीदार कागद दाखवायलाच तयार नसेल? तर पायरी ३ आधी करा.

पायरी २: सही कुठल्या रकान्यात आहे ते पाहा

इथे जरा थांबून वाचा.

गेल्या पावसाळ्यात वाघोलीहून एक बाई आल्या. नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आणि एका पतसंस्थेचं कर्ज. "मी कुठेच सही केलेली नाही," असं ठासून सांगत होत्या. कागद काढले तर सातव्या पानावर त्यांचा फोटो चिकटवलेला, फोटोवरून कागदावर आलेली त्यांची आडवी सही, आणि सहीच्या अलीकडे पेन्सिलीने केलेली बारीक फुली. ती फुली माझ्या ओळखीची आहे. क्लार्क आधी सगळ्या पानांवर फुल्या मारून ठेवतो आणि मग म्हणतो, "वहिनी, जिथे फुली आहे तिथे सही करा फक्त." मीसुद्धा हजारो फुल्या मारल्या असतील. 'फक्त' हा शब्द मात्र आज घशात अडकतो. बाईंची सही 'जामीनदार क्र. १' च्या खाली होती.

तर रकाने असे असतात.

'सहकर्जदार' म्हणजे कर्ज तुमचंही. अर्धं नव्हे, पूर्ण. नवरा हप्ता भरत असला आणि गाडी तोच चालवत असला, तरी बँक उद्या सगळी थकबाकी एकट्या तुमच्याकडे मागू शकते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ तसं म्हणतं. "पन्नास टक्के मी, पन्नास टक्के तो" ही तुमच्या दोघांतली बोली, बँकेला तिच्याशी घेणं नाही.

'जामीनदार' म्हणजे नवऱ्याने भरलं नाही तर मग आपण, असं बहुतेकांना वाटतं. त्याच कायद्याचं कलम १२८ वेगळं सांगतं: करारात निराळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. आधी नवऱ्याच्या मागे लागा, त्याची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. पतसंस्थेचा वसुली अधिकारी कित्येकदा नोकरीवाल्या जामीनदाराकडेच आधी जातो, कारण पगार दिसतो.

थोडा दिलासाही आहे. कर्ज कॅश क्रेडिटसारखं चालू-फिरतं असेल, तर जामीनदार पुढच्या व्यवहारांपुरता जामीन लेखी नोटीस देऊन मागे घेऊ शकतो. ते कलम १३०. झालेल्या उचलीची जबाबदारी तशीच राहते, पण खड्डा तिथपासून वाढत नाही. आणि जामीनदार म्हणून भरावंच लागलं, तर ती रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कलम १४५ देतं. तो नवरा असला म्हणून हक्क बुडत नाही. भरल्याच्या पावत्या जपा. पुढे संसार मोडला तर त्या पावत्या लाखमोलाच्या ठरतात.

'साक्षीदार' म्हणून सही असेल तर देणं लागत नाही. 'संमती देणार' म्हणून असेल, तर घर गहाण ठेवायला तुमची हरकत नव्हती एवढं त्यातून ठरतं. पण मजकूर पूर्ण वाचा, कारण संमतीपत्राच्या पोटात हमीचं वाक्य घालून ठेवणारे कागद मी पाहिलेत. नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे कर्जाची हमी नव्हे. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर तुम्हाला जोडकार्ड मिळालं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे देणं मूळ कार्डधारकाचं. हा नियम उलटाही लागू होतो. मूळ कार्ड तुमचं आणि जोडकार्डावर खरेदी नवऱ्याची असेल, तर बिल तुमचं.

गृहकर्जात एक पुणेरी घोळ नेहमी दिसतो. महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. म्हणून फ्लॅट बायकोच्या नावावर, आणि पगार जास्त म्हणून मुख्य कर्जदार नवरा. मालकीण ती, म्हणून बँक तिला सहकर्जदार करतेच. इथपर्यंत ठीक. पण दोन वर्षांनी त्याच फ्लॅटवर नवरा धंद्यासाठी टॉप-अप काढतो आणि "जुन्याच कर्जाचा कागद आहे" म्हणून सही घेतली जाते. तो जुना कागद नसतो. नवी रक्कम, नवा करार, आणि पणाला लागलेलं घर तुमचं.

पायरी ३: स्वतःचा सिबिल अहवाल काढा

याला जोडीदाराची परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पॅन आणि मोबाइल नंबर असला की झालं. चारही काढा. एखादं कर्ज एकात दिसतं आणि दुसऱ्यात नाही, असं होतं.

अहवाल तुमच्या नावाचा असतो. नवऱ्याने एकट्याने घेतलेलं कर्ज त्यात येत नाही, त्याच्या थकबाकीने तुमचा स्कोअर पडत नाही. म्हणून तुमच्या अहवालात अनोळखी कर्ज दिसलं तर त्याचा अर्थ सरळ आहे: तुम्ही विसरलेली सही, किंवा तुमच्या नावाने दुसऱ्याने केलेली. दुसरी शक्यता असेल तर त्याच दिवशी अहवालातूनच तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लावला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा नियम आहे. जोडीदाराने तुमची खोटी सही केली असेल तर पोलीस तक्रारीवाचून बँक ऐकत नाही. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड, याची मला कल्पना आहे.

पायरी ४: सही नसतानाही अंगाशी येणाऱ्या गोष्टी

सगळ्यात पहिली, बायकोच्या नावाने धंदा. नवऱ्याचा सिबिल खराब किंवा तो सरकारी नोकरीत, म्हणून गुमास्ता परवाना, जीएसटी, चालू खातं सगळं तिच्या नावाने. दुकानात ती दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला जाते. पण प्रोप्रायटर ती! मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याची उधारी, जीएसटीची थकबाकी, मुद्रा कर्ज, सगळ्याची देणेकरी तीच, आणि इथे 'नवऱ्याचं कर्ज' हा शब्दच चुकतो. भागीदारी असेल तरी सुटका नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसह बांधलेला. नावाला भागीदार असणं कायद्याला ठाऊक नाही.

दुसरी, चेक. नवऱ्याने त्याच्या सहीचा चेक दिला आणि तो परत आला, तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ चा खटला सही करणाऱ्यावर. खातं दोघांचं असलं तरी सही न केलेल्या जोडीदारावर तो चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये नवरा-बायकोच्याच प्रकरणात पुन्हा सांगितलं. मात्र तुमच्या खात्याचा, तुमच्या सहीचा कोरा चेक नवऱ्याच्या कर्जासाठी 'सिक्युरिटी' म्हणून दिलेला असेल, तर खटला तुमच्यावर. चेकवर रक्कम नंतर दुसऱ्यानेच लिहिली, ही सबब सहसा टिकत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड चेकच्या दुपटीपर्यंत. हप्ता तुमच्या खात्यातून आपोआप वळता होत असेल आणि शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ जवळजवळ तसंच लागतं. पायरी १ मधले शेवटचे दोन रकाने यासाठी.

तिसरी, तोंडी शब्द. "बाकी काही झालं तर मी आहे ना," हे वाक्य सावकाराला, दलालाला, बँकेच्या माणसाला कधीही म्हणू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका शेअर दलालाच्या प्रकरणात बायकोच्या ट्रेडिंग खात्यातल्या तुटीला नवऱ्यालाही संयुक्तपणे जबाबदार धरलेला लवादाचा निवाडा कायम केला. दोघांची खाती वेगळी होती. पण तुटीची जबाबदारी नवऱ्यानेही तोंडी घेतली होती, हे पुराव्यावरून लवादाला पटलं. हिंजवडीच्या त्या तरुणाला मी पहिल्यांदा हेच विचारलं, "ब्रोकरशी तू फोनवर काय काय बोललायस?" तो बराच वेळ गप्प होता.

चौथी किरकोळ आहे. एकत्र राहणाऱ्या बायकोने घरासाठी वाण्याकडून उधारीवर किराणा आणला, तर ती नवऱ्याच्या वतीने आणली असं धरून दुकानदार त्याच्याकडे मागू शकतो. तूरडाळीचं ठीक आहे, लक्ष्मी रोडवरच्या पैठणीला हे लागू करायला जाल तर वाद होईल.

बचत गट आणि मायक्रोफायनान्सचं गणित थोडं निराळं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत उत्पन्न माणसाचं नव्हे, घराचं मोजतात: नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणजे नवऱ्याचे हप्ते तुमची कर्जमर्यादा खातात. पण देणं मात्र ज्या बाईने अंगठा दिला तिचं, आणि गटाने एकमेकींची हमी घेतली असेल तर गटातल्या बायांचंही. गटाचं कर्ज काढून नवऱ्याच्या हाती रिक्षाच्या डाउन पेमेंटला देणाऱ्या किती बाया या शहरात आहेत, ते गल्लीतल्या कुठल्याही गटप्रमुख ताईंना विचारा.

पायरी ५: काय जप्त होऊ शकतं, काय नाही

कोर्टाचा हुकूमनामा नवऱ्याविरुद्ध असेल तर जप्ती नवऱ्याच्या मालमत्तेवर. तुमचा पगार, तुमची ठेव, तुमच्या नावचं तुमच्या पैशाचं घर त्यात येत नाही. माहेरहून आलेले, लग्नात मिळालेले दागिने हे स्त्रीधन. ते पूर्णपणे तुमचं, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच स्पष्ट केलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तर आणखी बारकाईत जातं: कर्जदाराचे, त्याच्या बायको-मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, यांना जप्ती नाही. म्हणजे मंगळसूत्राला कायद्याचंच कवच आहे. त्याच संहितेच्या कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. "वहिनी, तुम्हाला आत जावं लागेल" अशी धमकी वसुलीवाले सर्रास देतात, म्हणून हे लक्षात ठेवा.

कर्जदाराचा पगारही सगळा जात नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुटतो. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही.

गोंधळ होतो तो संयुक्त खात्यावर. जप्तीचा आदेश आला की खातं आधी गोठतं, त्यातले पैसे कुणाचे हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून जोडीदाराची कर्जं अडचणीत आहेत असं दिसलं की आपला पगार आपल्या एकट्याच्या खात्यात घ्या. यात रुसण्यासारखं काही नाही. दागिन्यांच्या पावत्या आणि फोटोही वेगळे ठेवा. तुमच्या वस्तूवर चुकून जप्ती आलीच, तर विक्रीआधी कोर्टात हरकत घेता येते, आणि तिथे पावती बोलते.

आता उलटी युक्ती. थकबाकी झाल्यावर घाईघाईने फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करणे. सवलतीच्या मुद्रांक शुल्कात होतं, म्हणून लोकांना सुचतं. पण घेणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूने केलेलं हस्तांतर ते रद्द करून घेऊ शकतात; १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ त्यासाठीच आहे. तारीख सगळं सांगते: नोटीस मार्चमध्ये, बक्षीसपत्र एप्रिलमध्ये. असलं काही करू नका.

ज्यांचं लग्न नुकतंच झालंय आणि अजून काहीच बिघडलेलं नाही, त्यांनी एक करावं. नवरा आयुर्विमा घेत असेल तर तो १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्या. एजंट त्याला 'एमडब्ल्यूपी' म्हणतात. त्या पॉलिसीचे पैसे बायको-मुलांसाठी विश्वस्त निधीसारखे वेगळे राहतात, नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना मिळत नाहीत. फॉर्म भरतानाच सांगावं लागतं, नंतर जोडता येत नाही.

पायरी ६: दारात माणूस आला तर

घाबरून दार लावून घेऊ नका आणि आत बोलावून चहाही देऊ नका. संवाद साधारण असा ठेवा.

"वहिनी, साहेब आहेत का?"

"नाहीत. तुमचं ओळखपत्र आणि बँकेचं पत्र दाखवा."

"अहो, तुम्हीच थोडे भरा ना, ५,००० दिलेत तरी केस थांबवतो."

"कर्जावर माझी सही नाही. जे सांगायचं ते त्यांना लेखी कळवा."

एवढंच. ते ५,००० देऊ नका. तुम्ही एकदा भरलेत की पुढच्या महिन्यात फोन तुम्हालाच येतो, आणि नवऱ्याच्या खात्यावर तो भरणा मुदत वाढवायच्या वादाला कारण होऊ शकतो. साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. मुदतीत लेखी कबुली किंवा भरणा झाला की ती नव्याने मोजतात. म्हणून "बाकी मान्य आहे" अशा छोट्या चिठ्ठीवरही सही नको.

बँक किंवा वित्त कंपनीच्या माणसाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, घरच्यांना-मित्रांना छळायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. मायक्रोफायनान्सला वेळ आणखी कमी, ९ ते ६. मोडलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १४४४८ वर माहिती मिळते. फोनवरच्या ॲपने तुमचे फोटो पाठवायची धमकी दिली तर १९३० वर सायबर तक्रार.

पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, त्यामुळे लोकपालाकडे खेटे घालण्यात अर्थ नाही. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे. खासगी सावकार असेल तर आधी परवाना विचारा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. महिन्याला १० टक्के सांगणाऱ्याचा परवाना बघायचीही गरज नाही. थेट जिल्हा उपनिबंधक किंवा पोलीस ठाणं.

पायरी ७: नोटीस आली तर तारीख मोजा

पाकीट न उघडता टीव्हीमागे खोचून ठेवणं हा आपल्याकडचा जुना रोग. पाकीट घेतलं नाही म्हणून प्रकरण थांबत नाही. उघडा, ते कधी आलं ती तारीख त्यावर लिहा, आणि कुठल्या कायद्याची आहे ते पाहा.

तारण घराची सरफेसी नोटीस (दावा न लावता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) असेल तर ६० दिवस. त्यात लेखी हरकत घ्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरण, ते पुण्यातच आहे. चेकची नोटीस असेल तर १५ दिवसांत पैसे. दिवाणी कोर्टाचा समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा असेल तर समन्स मिळाल्यापासून फक्त १० दिवसांत हजेरी. पतसंस्थेचं प्रकरण असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकापुढे सुनावणी होते आणि वसुली दाखला निघतो. सुनावणीला जाच! वाघोलीच्या बाईंचे यजमान गेले नव्हते, त्या स्वतःही नाहीत. दाखला एकतर्फी निघाला. त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायचं तर साधारणपणे निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि ती त्यांच्याकडे कुठून असणार?

वकिलाचे पैसे नसतील तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट शिकलेल्या बायकांनाही माहीत नसते. फोन १५१००.

पायरी ८: जोडीदार गेल्यानंतर

तेराव्याच्या आत बँकेचा फोन येतो. आवाज सौम्य असतो. "मॅडम, हप्ता कमी करून देतो, नव्या कागदावर तुमची सही लागेल." ती सही करू नका, निदान महिनाभर तरी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे वारसाकडून वसुली होते ती मृताची जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच. मागे ठेवलं ३ लाख आणि देणं ९ लाख, तर ६ लाख तुमच्या पगारातून जात नाहीत. तुम्ही नव्या करारावर सही केलीत की मात्र ते तुमचं स्वतःचं कर्ज. तुम्ही आधीच सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर ही मर्यादा लागू नाही.

त्या महिन्यात कर्जावर विमा होता का ते मंजुरीपत्रात शोधा. त्याच्या पासबुकात ४३६ रुपयांची वजावट दिसते का पाहा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असेल तर २ लाख मिळतात. २० रुपयांची दिसली तर अपघात विमा. घर गहाण असेल तर ते कर्ज घरासोबतच राहतं, घर ठेवायचं तर भरावं लागणार.

पायरी ९: वेगळं होताना

कौटुंबिक न्यायालयातल्या संमतीच्या अटींत "यापुढील हप्ते पती भरेल" असं लिहून बाया निश्चिंत होतात. बँक त्या कागदाची पक्षकार नसते. त्याने हप्ता चुकवला की तुमचा सिबिल पडतो आणि नोटीस तुम्हालाही येते. तुम्ही त्याच्यावर कोर्टात जाऊ शकता, बँकेला थांबवू शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बँकेत अर्ज: सहकर्जदारातून नाव कमी करा. बँक त्याचं एकट्याचं उत्पन्न तपासेल, पुरत नसेल तर दुसरा सहकर्जदार मागेल किंवा त्याला एकट्याच्या नावे दुसऱ्या बँकेत कर्ज हलवावं लागेल. तुम्ही मुक्त झाल्याचं पत्र लेटरहेडवर हातात आलं, की मग घरातला हिस्सा सोडणारं हक्कसोडपत्र नोंदवा. आधी हक्क सोडलात तर घर त्याचं आणि कर्ज दोघांचं, अशी अवस्था होते. त्याच दिवशी खात्यावरची हप्त्याची वळती बंद करा, दिलेले कोरे चेक नंबर लिहून परत मागा, मिळत नसतील तर बँकेला लेखी कळवून थांबवा. तीन महिन्यांनी सिबिल पुन्हा काढा. नाव कमी केल्याचं पत्र देऊनही बँकेने अहवालात ते तसंच ठेवलेलं मी निदान चारदा पाहिलंय.

वाघोलीच्या बाईंनी हप्ते बांधून घेतलेत, महिना ६,५०० रुपये, जामीनदार म्हणून. पावती स्वतःच्या नावाने घेतात, मी सांगितल्यापासून. मागच्या आठवड्यात नवऱ्याने नव्या कर्जाचा फॉर्म आणला होता, पेन्सिलीच्या फुल्यांसकट. त्यांनी खोडरबर घेतला आणि चहा उकळेपर्यंत सगळ्या फुल्या खोडून ठेवल्या.